चॅव कुणाला म्हणायचं

“चॅव म्हणजे काय हो, ताई?” मुनीरने शेजारच्या बाईंना हळूच विचारलं.

शारजातल्या त्या शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. एसी दुरुस्तीच्या कामावरून तासाभराची सुट्टी मागून मुनीर युनिफॉर्ममध्येच धावत आला होता. स्टेजवर त्याची नववीतली यम्ना, वादविवादाच्या फायनलला. तो असा अस्वस्थ होता, जणू त्यालाच बोलायचं होतं.

शेजारच्या सुनेत्राबाई पुण्याच्या. त्यांचा निखिल यम्नाच्या विरुद्ध बाजूला होता. “ब्रिटिशांची शिवीच म्हणा, मुनीरभाई. भडक कपडे, गळ्यात चेन, आरडाओरडा करणारी पोरं. निखिल म्हणणार, हा शब्द वागण्यावरून पडतो. तुमची मुलगी म्हणणार, गरिबीवरून.”

निखिल फडाफड बोलला. टाळ्या पडल्या. मग यम्ना उठली. मुनीरला तिचं इंग्रजी निम्मंच समजत होतं. उरलेलं सुनेत्राबाई त्याच्या कानात सांगत होत्या, एक शब्द न गाळता.

“ती म्हणतेय, श्रीमंताचा मुलगा मॉलमध्ये ओरडला तर लोक म्हणतात, आज मूडमध्ये आहे. गरिबाचा ओरडला तर म्हणतात, ही माणसंच असली.”

मुनीर खुर्चीच्या कडेवर सरकला.

सुनेत्राबाईंनी आवाज आणखी खाली आणला. “ईदचा ट्रॅकसूट घालून शाळेत आली, तेव्हा वर्गातल्या मुली तिला चॅव म्हणाल्या. ती नुसती गप्प बसली होती, म्हणतेय.”

तो ट्रॅकसूट मुनीरने शारजातल्याच रोला बाजारातून मोठ्या हौसेने आणला होता. मुलींच्या चिडवण्याबद्दल घरी ती एका शब्दाने बोलली नव्हती.

परीक्षकांनी श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं आणि मुनीरचा हात वर गेला. माईक समोर येताच होतं तेवढं इंग्रजीही पळालं. यम्नाने मान खाली घातली.

“ताई, तुम्हीच विचारा ना,” तो घाईघाईने म्हणाला. “हा शब्द वागण्याचाच असेल, तर वाईट वागणाऱ्या साहेबाला मी तो म्हणू शकतो काय?”

सुनेत्राबाई उभ्या राहिल्या. आधी मुनीरचं नाव सांगितलं, मग प्रश्न, आपल्याच मुलाकडे बघत. निखिलने कागद चाळले, खाली ठेवले.

“नो, अंकल,” तो म्हणाला. “आय डोन्ट थिंक सो.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. समोर यम्ना मान वर करून हसत होती.

निखिलची बाजू दोन गुणांनी जिंकली. “गुण त्यांनी दिले,” सुनेत्राबाई म्हणाल्या, “उत्तर मात्र माझ्या लेकाने तुम्हाला देऊन टाकलं.”

बाहेर सुपरवायझरचा फोन वाजत होता. “यम्ना, तू बसने जा. कंपनीची व्हॅन मी मागच्या गल्लीत लावलीय.”

“व्हाय देअर? गेटवर आणा, अब्बा. यल्ला, चला लवकर.”

त्याने आणली. चकचकीत गाड्यांच्या रांगेत, टपावर शिडी बांधलेली. पुढच्या सीटवर हत्यारांची पेटी होती. वर्गातल्या मुली बघत असताना यम्नाने ती उचलून मांडीवर घेतली, पट्टा लावला आणि काच पूर्ण खाली केली.