बेल्ट बदलला त्या संध्याकाळी

गाडी ओरडायची म्हणजे काय ओरडायची! किल्ली फिरवली की बॉनेटखालून अशी किंकाळी निघायची, की गडचांदूरच्या त्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. लोकेश होता तेव्हाही ती ओरडायचीच. पोळ्यानंतर तो छातीत कळ येऊन गेला आणि गाडी त्याच्या बायकोकडे, रिनाकडे आली. राजुऱ्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायला ती रोज त्याच गाडीने जाऊ लागली.

रिना रडली नव्हती. लोक म्हणत, बाई आहे का दगड! म्हणोत बापडे. तिला खरंच काही वाटत नव्हतं. ना भूक, ना झोप, ना राग. फक्त एक गोष्ट झोंबायची. संध्याकाळी गाडी फाटकाशी येऊन ओरडली, की सासू बायनाबाई आत चहा ठेवायची आणि लोकेशचा मोठा स्टीलचा गिलास काढायची. मोतीबिंदूमुळे म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. आवाजाने तिला पोरगाच आला असं वाटतं, हे रिनाने मनाशी धरून टाकलं होतं. विचारायची हिंमत कुठून आणायची? ती मुकाट्याने तो चहा मोरीत ओतायची. म्हातारीचा पोरगा रोज संध्याकाळी यायचा आणि रोज नव्याने मरायचा. हे काही खरं नव्हतं. आवाजच बंद करायला हवा होता.

सुट्टीच्या दुपारी तिने गाडी सोमाजी मेकॅनिककडे नेली.

“काऊन वो बाई, इतके दिवस कसं आयकलं हे?” त्याने बॉनेट उघडलं. “करा चालू.”

किंकाळी निघाली. सोमाजीने बाटलीतलं थोडं पाणी फिरत्या बेल्टवर टाकलं. आवाज आणखी चढला.

“वाढला म्हंजे बेल्ट ढिला हाये. कमी झाला असता तं पुली पाहा लागली असती. करा बंद.”

त्याने बेल्टवर बोट फिरवलं. काचेसारखा गुळगुळीत झाला होता. नखाने खरवडलं तर पांढरं काहीतरी निघालं. त्याने वास घेतला.

“साबण! कोणं लावला हा?”

रिनाला माहीत होतं. रविवारी बॉनेट उघडून लोकेश साबणाचा तुकडा घासत बसायचा, हात काळे करायचा आणि म्हणायचा, “आता चूप राह्यते, पाहा.” दोन दिवस राहायची चूप, मग ये रे माझ्या मागल्या.

“त्यायनं,” ती म्हणाली.

सोमाजीने पुन्हा बेल्टकडे पाहिलं. “सारेच करतेत बाई. पण साबणानं अजून घसरते. त्यात आपल्या इथची सिमेंटची धूळ.”

त्याच्या नखातल्या पांढऱ्या कणाकडे रिना बघत राहिली. आता तरी काही वाटेल म्हणून थांबली. काही वाटलं नाही.

सोमाजीने नट ढिला करून जुना बेल्ट काढला, पुल्या पुसल्या, नवा चढवला, टॉमीच्या लोखंडी दांड्याने ताणून नट आवळला आणि अंगठ्याने दाबून पाहिला. रिनाने किल्ली फिरवली. दिवे लावले, एसी लावला. चूं नाही की चां नाही.

संध्याकाळी घरी आली तर फाटकाशी सगळं शांत. चूल थंड. सुटलो एकदाचे, असं वाटायला हवं होतं. बायनाबाई उंबऱ्यात बसली होती, मांडीवर तो गिलास.

“कोण?”

“मी रिना, आई.”

“अवं माय! केव्हा आली? गाडी कुठी हाये?”

“आणली न. बेल्ट बदलला. आता ओरडत नाई.”

“काऊन बदलला? आता तू आली हे मले कसं समजन? चहा ठेवाचा राह्यला न!”

“मह्यासाठी ठेवत होत्या? पण गिलास तं त्यायचा...”

“मोठा हाये म्हून घेतो. सकाळची उपाशी येतं तू, कपभरानं का होते?” म्हातारीने गिलास पदराने पुसला. “रोज मोरीत ओततं, आयकू येते मले. म्हटलं, ओतू दे. एखाद्या दिवशी पिशीन तू.”

रिना तिथेच उंबऱ्यात बसली आणि भोकाड पसरून रडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. बायनाबाईने तिला रडू दिलं. मग भिंत चाचपडत उठली आणि चहा ठेवला.