वर अभ्यास चालू आहे

कुकरची शिट्टी वाजण्याआधी एकदा थरथरते. अगदी किंचित, नवख्या माणसाला कळायचंही नाही. आधी तिच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब गोल गोल नाचतो, मग ती जागच्या जागी डुलल्यासारखं करते, आणि तिथून दम धरून मोजलं तर चार आकडे... प्रमिला तिसऱ्या आकड्याला गॅस बंद करते. सात वर्षांत तिचा हात एकदाही चुकलेला नाही. डाळ कधीकधी कच्ची राहते, ती मग लाकडी रवीनं घोटायची, पातेल्याच्या कडेला रवी न लावता, आणि जेवताना कोणी डाळीबद्दल बोलायचं नाही.

वर अभ्यास चालू आहे. हे वाक्य या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की आता ते बोलावंही लागत नसे. दोंडाईचा रोडवरच्या या घराच्या फाटकाशी आलेला माणूस आपोआपच चप्पल हातात घ्यायचा. खुर्च्यांच्या पायांना जुन्या ब्लँकेटचे तुकडे, दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल, बेलची तार काढलेली. नवरा, हेमराज, दुकानातून आला की फाटकातून मिस्ड कॉल द्यायचा आणि ती जाऊन कडी काढायची. मिक्सर मागच्या अंगणात, गोधडीखाली, तोही मुलगा, योगेंद्र, आंघोळीला गेला की. उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत कारखान्याकडे निघाले की खिडक्या हादरायच्या, म्हणून हेमराजनं सुरतेहून माणूस आणून डबल काच बसवून घेतली. एकदा भिंतीवरची पाल चुकचुकली तर त्यानं तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं होतं. प्रमिलाला तेव्हा हसू आलं होतं. कधीची गोष्ट... तिसऱ्या वर्षाची असेल. त्यानंतर या घरात कशाचं हसू आलं ते तिला आठवत नाही, आणि आठवत नाही याचंही काही वाटत नाही. कोपराला मुंग्या येऊन हात बधिर होतो ना, आपलाच हात आपण दुसऱ्या हातानं उचलून ठेवतो, तसं तिचं सगळंच झालं होतं.

सुरुवात भाकरीपासून झाली. योगेंद्र पुण्याहून स्पर्धा परीक्षेतली पहिली मुख्य परीक्षा देऊन आला होता, दुसरीची तयारी घरूनच करणार म्हणाला, आणि एका सकाळी जिना अर्धा उतरून कठड्याशी उभा राहिला. चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, ती उलट बोलली असती. नुसता म्हणाला, “मम्मी, तुन्हा भाकरीना आवाज वर येस. पान पुढे सरकस नही मन्हं.” तिनं मान हलवली आणि परातीतली तेवढी भाकरी हलक्या हातानं थापून संपवली. त्या वर्षी त्याचा निकाल दीड मार्कानं गेला. दीड. कोणी तिला काही बोललं नाही, हेमराजही नाही... पण ते दीड मार्क कोणी खाल्ले हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पितळी परात माळ्यावर टाकली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. ज्वारीच्या, कळण्याच्या भाकरीवर वाढलेलं खानदेशी घर सात वर्षं पोळी खातंय, आणि मी, जिच्या हातच्या भाकरीसाठी नणंदा माहेरी यायच्या, ती मी, आता पीठ मळतानासुद्धा बांगड्या कोपरापर्यंत वर सारते.

मग कानबाई गेली. श्रावणात कानबाई देवी मोठ्या घरी बसायची, म्हणजे यांच्याकडे. सगळे भाऊबंद जमायचे, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून प्रसादाच्या रोटाचं पीठ दळायचं, रात्रभर बायका गाणी म्हणायच्या, सकाळी वाजतगाजत नदीवर. ती कानबाई धाकट्या दिरानं गावाकडे नेली. “एक वरीसना सवाल शे,” असं हेमराज तेव्हा म्हणाला. त्यालाही सहा श्रावण झाले. दरवर्षी तिकडे योगेंद्रच्या नावाची सव्वा मूठ मोजली जाते, प्रमिला दुपारी जाऊन रोट खाऊन संध्याकाळच्या आत परत येते. देवीपुढे काय मागितलं असं जाऊबाई विचारते तेव्हा तिला खरंच सांगता येत नाही. पहिली दोन वर्षं मागितलं होतं, नंतर नुसता नमस्कार करून येते.

आणि आज फ्लॅट.

सकाळी चहाच्या वेळी हेमराजनं जाहिरातीचं ते गुळगुळीत पुस्तक पुन्हा तिच्यापुढे सरकवलं होतं. सापुताऱ्याच्या अलीकडे, घाटात, सुरतेच्या एका बिल्डरची सुट्टीसाठीच्या घरांची इमारत. धुक्यातली बाल्कनी, वेताच्या दोन खुर्च्या, कोणीच बसलेलं नाही. खाली मोठ्या अक्षरात छापलेलं, शांतता, जी तुम्ही कधी ऐकली नसेल. तिनं ते वाक्य दोनदा वाचलं होतं. हेमराज कुजबुजत बोलत होता. घरात तो कुजबुजूनच बोलतो, पण अलीकडे ठिबकच्या नळ्या विकताना दुकानातही त्याचा आवाज वर चढत नाही असं गिऱ्हाईकं सांगतात.

“सुट्टीमा आपलं जानं हुई. आनि पूर्वपरीक्षाना आधी दोन महिने योगू तठेच ऱ्हाई. तू बी त्यानासंगे ऱ्हाय, जेवाना सवाल ऱ्हावाव नही.”

“तठे मी काय करसू?”

“काय करानं? बाल्कनीमा बसानं. इतली शांती शे ना, पान पडं तरी ऐकू येस.”

फ्लॅट दोघांच्या नावावर होणार होता. चार वाजता तो बुकिंगचा फॉर्म घेऊन येणार, तिनं सही करायची, आधार कार्ड आणि दोन फोटो काढून ठेवायचे. तिनं बरं म्हटलं. बरं म्हणायला आवाज लागत नाही, मान पुरते.

दुपारी ताट वाढून ती नेहमीप्रमाणे जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून आली. दारावर टकटक करायची नाही, फोनवर ‘ताट’ एवढंच लिहून पाठवायचं. वरून अंगठा येतो. आला. गोरा अंगठा, पिवळसर, कोणाचाही असावा असा. मुलाचा आवाज तिनं शेवटचा कधी ऐकला, म्हणजे ‘हो’, ‘नको’, ‘ठेव’ सोडून? परवा आंघोळीला जाताना तो जिन्यात भेटला होता. केस कानशिलावर पांढरे व्हायला लागलेत. एकतीस. शेजारच्या आशाचा मुलगा त्याच्याबरोबरचा, त्याला दोन पोरं झाली... पण आशा हे सांगताना मुद्दाम मधेच थांबते आणि प्रमिलाच्या तोंडाकडे बघते, म्हणून प्रमिलानं शेजारी जाणंच सोडलं.

फोटो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होते. स्टूल घेतलं, त्याच्या पायांना बांधलेल्या चिंध्या नीट आहेत का बघितलं, चढली. पेटी पुढे ओढताना तिच्या मागून काहीतरी सरकलं, तिनं हात घातला, हाताला पितळेची गार कड लागली आणि निसटली.

परात फरशीवर पडली. नुसती पडली असती तर एक वेळ ठीक होतं. ती कडेवर उभी राहिली, भोवऱ्यासारखी फिरायला लागली, आणि फिरता फिरता खाली बसताना तिचा आवाज वाढतच गेला, घुमला, काचांना लागून परत आला. डबल काच आवाज आत येऊ देत नाही तशी बाहेरही जाऊ देत नाही, हे तिला तेव्हा कळलं. ती स्टुलावर दोन्ही हात कानांवर ठेवून उभी राहिली, आपल्याच कानांवर. मग गप्प झालं.

आता वरचं दार उघडेल. आता कठड्याशी येईल. काही बोलणार नाही, नुसतं बघेल... तिनं मोजलं. चार झाले, दहा झाले, तीस झाले. वरून काही नाही. एवढा आवाज झाला, घरभर घुमला, आणि वरून काहीच नाही.

आणि मग ती बातमी आठवली. दर दोन-चार महिन्यांनी पेपरात कोपऱ्यात येते ती. भाड्याची खोली, परीक्षा, आईवडिलांची माफी मागणारी चिठ्ठी. हेमराज त्या दिवशीचा पेपर दुकानातच ठेवून येतो, तिला हे माहीत नाही असं त्याला वाटतं. तिच्या बधिर अंगात कुठूनतरी एकदम रक्त आलं आणि ते दुखलं. ती जिना चढली, धाडधाड चढली, सात वर्षांत पहिल्यांदा पावलांकडे न बघता. वरच्या पायरीवरचं ताट ओलांडलं आणि दार ढकललं.

योगेंद्र टेबलाशी पाठमोरा बसला होता. कानांवर ते मोठे काळे हेडफोन, बोटांनी टेबलावर हलका ठेका, पुढे पुस्तक उघडं. मान जराशी डुलत होती. जिवंत होता. ती दोन पावलं आत गेली.

तिची सावली पुस्तकावर पडली तसा तो दचकून वळला. “काय व्हयनं, मम्मी?”

“परात पडनी.”

“कोठे?”

“तुले आवाज उना नही?”

“नही ना.” त्यानं हेडफोन गळ्यात ओढले. त्यातून बारीक कलकलाट ऐकू येत होता. “काय लावेल शे तू?” तिनं विचारलं, आणि विचारतानाही ती कुजबुजतच होती.

तो जरा घुटमळला. मग एखादी चोरी सापडल्यासारखा हसला आणि त्यानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. आत एक हॉटेल होतं. कपबशा आपटत होत्या, कोणी खुर्ची ओढली, दोन बाया कशावर तरी खिदळल्या, लांब रस्त्यावर हॉर्न, कोणीतरी दोन चहा सांगितले, भांडं पडलं, त्यावर कोणी ओरडलं, पुन्हा खुर्ची... कोणी काही विशेष बोलत नव्हतं. माणसं होती, एवढंच.

“आठ तासना व्हिडिओ ऱ्हास,” तो सांगत होता, हे तिला कान मोकळे केल्यावर ऐकू आलं. “हाई लाव्हाशिवाय मन्हावरी वाचंच जास नही.”

“कसाले?”

“अठे खूप शांत शे ना, मम्मी. डोकं फिरी जास. खाले कोनी शे का नही तेच समजस नही. एक-दोन दाव मी जिनामा यीसन पाही गयू, तुम्ही शेतस का म्हनीसन.”

“कवयपासून?”

“तीन वरीस व्हयनात.”

तीन वर्षं. “मंग सांगं का नही?”

तो पुस्तकाच्या कडा अंगठ्यानं सारख्या करत राहिला. “तुम्ही इतलं करी ऱ्हायनात व्हतात,” तो म्हणाला, “कसं सांगू?”

त्याच्या गालाला हात लावावा असं वाटलं, दाढी वाढली होती, पण तेवढ्यात त्यानंच विचारलं, “पप्पाले सांगशी का?” आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जिन्याच्या कठड्याशी उभं असलेलं पोर दिसलं, म्हणून तिनं मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही. ताट उचलून आत दिलं. वरण गार झालं होतं.

खाली येऊन ती पलंगावर बसली. म्हणजे सात वर्षं मी कोणासाठी... नाही, तीनच. तीन वर्षं. तीन वर्षं मी शिट्टीआधी गॅस बंद करतेय आणि वर पोरगं भांड्यांचा आवाज विकत घेतल्यासारखा कानात घालून बसलंय. राग आला का? यायला हवा होता. कोणाचा, ते ठरेना. मी गप्प त्याच्यासाठी, तो गप्प आमच्यासाठी, आणि हेमराज... हेमराजला हे सांगायचं कसं? या माणसानं मित्र सोडले, दुकानात गिऱ्हाईकाशीसुद्धा हळू बोलायला शिकला, भावाला कानबाई देऊन टाकली आणि त्या रात्री अंगणात एकटा उभा राहिला होता. त्याला सांगायचं की वर कोणी ऐकतच नव्हतं? आणि नाही सांगितलं तर आणखी एक घर घ्यायचं, घाटात, जिथं पान पडलेलं ऐकू येतं, आणि तिथं मुलाला नेऊन ठेवायचं. दोन महिने. त्याला बोलता येणार नाही, मला बोलता येणार नाही.

चार वाजता फोन एकदा थरथरून बंद झाला. तिनं कडी काढली. हेमराज फॉर्म छातीशी धरून आत आला, चप्पल हातात. कपाळावर घाम होता आणि तो खूश होता. किती दिवसांनी खूश होता.

“बाल्कनीवाला भेटना,” तो कुजबुजला. “डोंगर दिखस समोर. काढात का फोटू?”

फोटो अजून माळ्यावर पेटीतच होते. तिनं ते आणून दिले. तो तिच्या शेजारी पलंगावर बसला, चष्मा लावला, पेन उघडून तिच्या हातात दिलं आणि कुठे सही करायची तिथं बोट ठेवलं. मग दुसरं पान, तिथं बोट. हे बोट किती खडबडीत झालंय, तिला वाटलं, नळ्या कापून कापून.

“वाच, मंग कर,” तो म्हणाला. “घाई नही.” आणि स्वतःच फॉर्मवर वाकून ओळीवरून बोट फिरवत वाचायला लागला, ओठ हलवत, आवाज न करता.

तिनं त्याला सांगायचं ठरवलं. ऐका ना, एवढंच आधी म्हणायचं. तिनं तोंड उघडलं, आणि शब्दाच्या जागी डोळे भरून आले. गालावरून, हनुवटीवरून, पदरावर, थांबेचनात. छाती हलत होती. आणि तेवढ्यातही तिच्या लक्षात आलं, आपला आवाज येत नाहीये. हुंदका आत येतो आणि आतच वळतो. इतकी वर्षं वळवायची सवय लागलेली. एक हुंदका, एक नाक ओढलेलं जरी ऐकू आलं तरी तो मान वर करून बघेल. तिनं जोर लावला. येईना.

वीतभर अंतरावर हेमराज तिसरं पान वाचत होता.