समोरासमोर हत्ती

ताडपत्री खाली आली आणि मंदिराच्या कामावरची झाडून सगळी माणसं खो खो हसत सुटली. हसलो नाही ते तिघंच. एक मी, कारण तो हत्ती माझ्या बायकोनं कोरला होता. दुसरी ती स्वतः. तिसरे माझे वडील.

आमचं मंदिर म्हणजे एक प्रकरणच आहे. तळघरात दोनशे गाड्या मावतात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, वर पाच शिखरं, आणि एवढ्या दगडात लोखंडाचा खिळा म्हणून नाही. दगडावर दगड, नुसत्या भारानं उभा. जोत्याभोवती हत्तींची रांग, सगळे प्रदक्षिणेच्या दिशेनं निघालेले, म्हणजे माणसाला फिरताना सोबत. बाबा मुख्य शिल्पकार. त्यांनी सुनेला एकच हत्ती दिला होता. "हा जमला तर गाभाऱ्याची चौकट तुझी," म्हणाले होते. त्या चौकटीपायी ती झोपेतही छिन्नी चालवायची, माझ्या बरगड्या साक्षीला आहेत.

हत्ती झाला देखणा. फक्त चित्राचा पारदर्शक कागद तिच्याकडून दगडावर उलटा लागला होता. त्यामुळे सगळे हत्ती पुढे चाललेले आणि हा पठ्ठ्या मागच्याच्या तोंडासमोर उभा. मागचा हत्ती नेमका बाबांनी कोरलेला. सून आणि सासरा, समोरासमोर! काढावा म्हटलं तर त्याच्यावर अख्खी भिंत आणि भिंतीवर शिखर.

"गेली माझी चौकट," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस गं, तो बघतोय," मी हत्तीकडे बोट दाखवलं. एरवी मार खाल्ला असता.

बाबा जोत्यापाशी उकिडवे बसले. दोन दगडांच्या सांध्यालगतची पट्टी आम्ही कोरी ठेवतो. दगड बसले की मग रेषा जुळवून ती कोरायची. त्या पट्टीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि छिन्नी उचलली. दुपार कलेपर्यंत त्यांच्या हत्तीच्या सोंडेत कमळ आलं. अर्धंच, बरोबर सांध्यापर्यंत.

छिन्नी त्यांनी सुनेपुढे धरली. "उरलेलं तुझ्या बाजूचं."

पहिला घाव तिनं अगदी हळू घातला. नंतरचे नाही. संध्याकाळी दोन सोंडांमध्ये पुरतं कमळ होतं. कोण देतंय आणि कोण घेतंय, काही कळेना.

बाबांनी सांध्यावरून नख ओढलं. कुठे अडलं नाही. आणि मग ते जे हसत सुटले, पोट धरून जोत्याला टेकले.

"चौकट तुझीच," डोळे पुसत म्हणाले. "कागद मात्र मी धरणार!"

बायकोनं चपला भिरकावल्या आणि मंदिराला धावत प्रदक्षिणा घालायला सुटली. आनंदाच्या भरात उलट्याच बाजूनं. मी हाक मारणार, तोच बाबांनी माझा दंड धरला.

"जाऊ दे रे," ते म्हणाले. "चल, आपण सुलट्या बाजूनं निघू. भेटेल समोरून."