झाकणातली पाचर

गोल करवतीच्या बाबतीत कुसानो म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप होता. हातमोजे घालून कोणी करवत उचलली की हा ओरडलाच म्हणून समजा. मोज्याचा धागा पात्यात अडकला की मोजा एकटा जात नाही, बोटं घेऊन जातो, हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की सुतारांच्या टोळीतले लोक त्याच्या पाठीमागे त्याच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचे. पातं बदलायचं तर आधी बॅटरी काढ. फळीला आधार असा दे की कापलेला तुकडा मोकळा खाली पडेल, पात्याला चिमटा बसणार नाही. करवतीच्या रेषेत उभा राहू नकोस, बाजूला हो. आणि झाकणाशी खेळायचं नाही म्हणजे नाही.

हे झाकण पात्याच्या खालच्या अंगाला असतं. करवत लाकडात शिरताना ते आपोआप मागे सरतं, बाहेर आली की स्प्रिंगच्या जोराने खटकन मिटतं. पण तिरपा काप घेताना ते कडेला अडतं. मग घाईत असलेले सुतार त्यात लाकडाची पाचर ठोकतात आणि पातं उघडंच ठेवून काम उरकतात. हे कधीच केलं नाही असा सुतार नोशिरो गावात शोधूनही सापडला नसता, एक कुसानो सोडून. म्हणून सगळे त्याला आजीबाई म्हणायचे. आणि गंमत बघा, सुतारसंघाच्या शेडमध्ये नव्या मुलांना यंत्रं शिकवायची वेळ आली की बोलावणं मात्र दर वर्षी या आजीबाईलाच जायचं!

त्याचा मेहुणा तेत्सुजी त्याच टोळीत होता. बायकोचा, सुमिएचा, धाकटा भाऊ. कुसानोनेच त्याला कामाला लावलं, रंधा कसा धरायचा इथपासून शिकवलं. हात चांगला, पण गडी धसमुसळा. मागच्या वर्षी त्याने शिडी न बांधता तशीच सोडली आणि एक माणूस मरता मरता वाचला. तेव्हा टोळीचे प्रमुख सोमेया मेस्त्री यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, पुन्हा तुझ्या हातून काही झालं तर घरी बसायचं, आणि या गावात दुसरंही कोणी तुला उभं करणार नाही.

रोज सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर जोडीदाराने जोडीदाराचं हत्यार बघायचं आणि बोट रोखून मोठ्याने पुकारायचं, ही त्यांच्या कामावरची शिस्त. पातं ठीक, बॅटरी ठीक, झाकण ठीक. कुसानोचा जोडीदार अर्थातच तेत्सुजी.

त्या दिवशी तेत्सुजीच्या करवतीची बॅटरी संपली. बाकीचे भाताचे गोळे खात बसले होते तेव्हा त्याने कुसानोची करवत उचलली आणि छपराच्या वाशांची टोकं तिरपी कापून घेतली. जेवण झाल्यावर करवत परत आणून दिली, बोट रोखलं आणि रोजच्यासारखं पुकारलं. झाकण ठीक. कुसानोची नजर तुळईवर मारलेल्या रेघेवर होती. त्याने करवत घेतली आणि लावली. देवदाराच्या गाठीत पातं आवळलं आणि करवत उसळून मागे आली. झाकण मिटायला हवं होतं. मिटलं नाही. उघडं पातं त्याच्या गुडघ्याच्या वर मांडीत शिरलं.

डॉक्टरांनी पाय वाचवला. काठी घेऊन चालाल, पण शिडी आणि छप्पर विसरा, असं त्यांनी सांगितलं. सुताराला हे ऐकताना काय होतं ते सुतारालाच कळेल. कुसानो भिंतीकडे तोंड करून रडला.

तेत्सुजी एकटाच भेटायला आला. पलंगाच्या कडेवर डोकं टेकून तो हुंदके द्यायला लागला. "दाजी, पाचर मीच मारली होती. काढायची राहून गेली, आणि न बघताच पुकारलं मी."

कुसानोला हे पाय कापला त्या क्षणापासून माहीत होतं. दुसरं कोण मारणार? पण शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि समोरचा हा रडवेला चेहरा बघून त्या गिळून टाकल्या. तो म्हणाला, "माझंही चुकलं, मीही बघायला हवं होतं. झालं ते झालं. चौकशीला साहेब येतील तेव्हा फक्त एवढंच सांग. बाकी काही नको मला." तेत्सुजीने त्याचा हात दोन्ही हातांत धरून शब्द दिला.

एवढं सांगितल्याने कुसानोचं काय भलं होणार होतं? सगळंच. मेस्त्री येऊन सांगून गेले होते की संघाच्या शेडमध्ये शिकवायला कायमचा माणूस हवाय, आणि कुसानोशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी नाही. फक्त चौकशी स्वच्छ व्हायला हवी. स्वतः पाचर मारून पाय कापून घेतलेल्या माणसाच्या हाती कोणी आपली मुलं देणार नाही. मग पाचर मारली कोणी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुसानो म्हणाला, ज्याने मारली तो स्वतःच सांगेल. मेहुण्याला मानाने कबूल करू द्यावं, एवढीच त्याची इच्छा होती. भलेपणा नडतो तो असा.

चौकशी कामावरच झाली. कामगार खात्याचे साहेब, मेस्त्री आणि रांगेत उभी सगळी टोळी. काठीवर भार देऊन कुसानो एका बाजूला उभा होता. साहेबांनी तेत्सुजीला विचारलं. तेत्सुजी खाली बघत म्हणाला, "पाचर दाजींनीच मारली होती. मी बघितली होती. पण ज्यांनी मला शिकवलं त्यांना कसं बोलणार? म्हणून ठीक आहे असं पुकारलं. तेवढी माझी चूक."

लबाडी कशी बेतलेली होती बघा. थोडा दोष स्वतःकडे घेतला की माणूस खराच वाटतो.

"तेत्सु," कुसानो म्हणाला, "खरं सांग."

तेत्सुजीने मान वर केली नाही. मग कुसानोनेच सगळं सांगितलं, जेवणाच्या वेळी करवत कोणी नेली होती तेही, दवाखान्यात कोण रडलं तेही. पण आता ते दोष दुसऱ्यावर ढकलल्यासारखंच ऐकू येत होतं, त्याला स्वतःलासुद्धा. जेवताना कोणी काही बघितलं नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. आजीबाईसुद्धा, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. मेस्त्री जवळ आले, आता घरी जाऊन आराम कर म्हणाले. शेडचं नाव त्यांनी काढलं नाही.

सुमिए रस्त्याच्या कडेला गाडीत थांबली होती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली होती. गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा कुसानो म्हणाला,

"तुझा भाऊ खोटं बोलला."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तो खरंच सांगायला निघाला होता. मीच नको म्हटलं. काय बोलायचं तेही मीच सांगितलं."

ती रस्त्यावरची नजर न हलवता सांगत होती, घरात हिशेबाचं बोलावं तशी. तुमचा पाय काही परत येणार नाही. त्याला टोळीतून काढलं असतं तर बायकामुलं घेऊन तो कुठे गेला असता? तुमचं माझं कसंही भागेल.

कुसानोला शेड आठवली, आणि दर वर्षी समोर बसणारी ती नवी मुलं. ते बोलून काय उपयोग? त्याने एकच विचारलं.

"पाचर मी मारली, असं वाटतं तुला?"

"छे हो," सुमिए म्हणाली. "तुम्ही जन्मात कधी मारली नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून तर वाटलं, हा खोटा आळ तुम्हाला झेपेल."

घर आलं. तिने गाडी दाराशी लावली, वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि दार उघडून रोजच्यासारखा खांदा पुढे केला. तिला शिवायचंही नव्हतं त्याला. त्याने काठी टेकली आणि एकट्याने उठून बघितलं. गुडघा दुमडला, तो पुन्हा सीटवर बसला. परत एकदा उठून बघितलं, परत तेच. ती तशीच वाकून थांबली होती.

शेवटी कुसानोने तिच्या खांद्यावर हात ठेवला, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.