दोन्ही टोकांना पिना

मी वायरीचा तुकडा बोलतोय. आठ हात लांब, काळा. शहाण्या वायरीला एकाच टोकाला पिना असतात. मला दोन्हीकडे. म्हणजे एका टोकाला करंट आला की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांतही आला. हात लागला की माणूस संपला. हे रूप मी मागून घेतलेलं नाही.

मला केलं या घरातल्या म्हाताऱ्याने. जन्मभर पंप दुरुस्त केले, म्हणून सगळे त्याला फिटर म्हणतात. घराला बाहेरची लाइन नाही. छपरावर सोलर, जिन्याखाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, मागच्या शेडमध्ये जनरेटर. एकदा ढगाळ दिवसांत बॅटऱ्या बसल्या आणि फिटरने दहा मिनिटांत मला जोडून टाकलं. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये, की घरभर उजेड.

"चार दिवसांपुरतं आहे," तो बायकोला म्हणाला. नऊ वर्षं झाली. दाराआडच्या खिळ्यावर लटकून माझी पाठ मोडली.

आधी इन्व्हर्टर बंद, मग माझी दोन्ही टोकं आत, मग जनरेटर चालू. एवढंच सांभाळायचं. तर एकदा इन्व्हर्टरच बंद करायला विसरला. इन्व्हर्टरचा करंट त्याच्या ठेक्यात, जनरेटरचा आपल्या. दोघे माझ्यातून एकमेकांवर आदळले. धाडकन आवाज, जिन्याखाली धूर, इन्व्हर्टर खलास, नवा आणावा लागला. बायकोला सांगितलं, "वीज पडली." खरं मला ठाऊक. मला कोण विचारतो?

जावई सांगून दमला. "मामा, चेंजओव्हर स्विच बसवा. इन्व्हर्टर नाहीतर जनरेटर, दोघांना एकदम घरात घेतच नाही तो."

"मी आहे ना," फिटर म्हणायचा.

गुडघे गेले तसा तो शेडमध्ये स्टुलावर बसायला लागला आणि घरातलं टोक बायकोकडे आलं. तिची एक खोड. सॉकेटमध्ये घालण्याआधी माझ्या पिना फडक्याने पुसायच्या. धूळ खपत नाही तिला. मग ती "हो" ओरडायची आणि तो जनरेटरची दोरी ओढायचा.

परवा दुपारी पाण्याची टाकी रिकामी होती आणि पंपाला जनरेटर लागतो. तिने इन्व्हर्टर बंद केला. फडकं ओलं होतं. ती पिना पुसत असतानाच शेडमधून दोरीचा खर्रर्र आवाज आला. इंजिन सुरू झालं नाही, कारण पेट्रोलची तोटी उघडायलाही तो विसरला होता. त्याने तोटी उघडली, पुन्हा दोरीला हात घातला. तिने मला खाली टाकलं आणि धावली.

"अहो! मी हो म्हटलं का?"

"म्हणालीस की."

"नाही म्हणाले. पिना माझ्या हातात होत्या."

त्याच्या हातून दोरी सुटली. मग सवयीने म्हणाला, "घाबरतेस काय? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच तर घाबरते."

तिने पक्कड आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने माझं जनरेटरमधलं टोक उपटून पकडीत धरलं. दोनदा पक्कड घसरली, तिसऱ्यांदा ते टोक तुटून पडलं. मग जावयाला त्यानेच फोन केला, "तुझा तो स्विच घेऊन ये."

फोन ठेवून पुटपुटला, "तेव्हा वीज पडली नव्हती गं."

"माहितेय. त्या दिवशी मी बाहेर उन्हात कपडे वाळत घातले होते."

तुमच्या दाराआड माझा कुणी भाऊबंद लटकत असेल, तर चार दिवस थांबू नका, कापा त्याला. आम्हाला दुखत नाही. उलट सुटल्यासारखं वाटतं.

माझं तुटलेलं टोक तिने कचऱ्यात टाकलं. टाकण्याआधी त्याच्या पिना मात्र पुसल्या.