वाढत्या अंगाचा फ्रॉक

"आज तुम्ही तोंड उघडायचं नाही," वकीलबाईंनी मला कोर्टाच्या जिन्यातच बजावलं. "विचारलं तर हो किंवा नाही. बाकीचं मी बघते."

मी गप्प बसायचं म्हणजे मशीनने आवाज न करता शिवण्यासारखं होतं. तरी मी मान हलवली. आज भिंगरी कुणाकडे राहणार ते ठरायचं होतं, आणि तिच्यासाठी मी दिवसभर जीभ दाताखाली धरायला तयार होते.

भिंगरी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई आणि भावजी एकाच अपघातात गेले तेव्हा ती भिंतीला धरून चालायला शिकत होती. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मी बिनलग्नाची, घरीच कपडे शिवते, दोघींचं नीट भागतं. तिच्या काकांचं घर ऐसपैस, अंगण आहे, काकू आहे, मूलबाळ नाही. भिंगरी शाळेत जायला लागली तशी त्यांना ती कायमची हवीशी वाटली आणि त्यांनी कोर्टात अर्ज केला. माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

"आणि हे काय?" वकीलबाईंची नजर भिंगरीच्या नव्या फ्रॉकवर गेली. "मी म्हटलं होतं ना, मुलगी नीटनेटकी दिसली पाहिजे? खांदे बघा कसे उतरलेत. दोन मुली मावतील यात!"

"वाढत्या अंगाचा आहे," मी म्हटलं.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गिऱ्हाइकांच्या पोरांचे कपडे मी नेहमी असेच शिवते, आज मात्र कोर्टात यायचं होतं. चूक झाली होती खरी. पण माझ्या शिवणाला नाव ठेवलेलं मला खपत नाही, म्हणून मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले.

बाकावर बसून अंग आंबलं तेव्हा शिपायाने आमचा पुकारा केला. आत काका-काकू आधीच उभे होते. काकूने भिंगरीकडे बघून हळूच हात हलवला, भिंगरीनेही हलवला. तिला ती आवडत होती, आणि मला त्याचा राग येत होता.

काकांचे वकील बोलायला उठले. घर, अंगण, शाळा, सगळं सांगून झालं. मग त्यांनी भिंगरीकडे बोट केलं. "साहेब, या बाईंचा धंदाच शिवणकामाचा. तरी घरच्या मुलीला त्यांनी मापाचा कपडा शिवलेला नाही. फ्रॉक खालून पडद्यासारखा जाड झालाय. मुलीकडे किती लक्ष आहे, ते यावरूनच कळतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वकीलबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मी दात आवळून उभी राहिले, पण भिंगरीला कुणी काही बजावलं नव्हतं.

"पडदा नाहीये तो!" ती फणकारली. फ्रॉकचा काठ तिने उलटा करून न्यायाधीशांना दाखवला. "आत अजून फ्रॉक आहे. ही दुमड पुढच्या वर्षीची. ही त्याच्या पुढची. आणि ही मी मोठ्या शाळेत जाईन तेव्हाची. मावशी एकेक उसवणार आहे."

कुणीतरी मागे हसलं. मला मात्र हसू आलं नाही. गिऱ्हाइकांच्या पोरांना मी एक दुमड ठेवते. हिला किती ठेवल्या ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. शिवताना मी मनातल्या मनात तिला मोठी करत गेले होते, आणि कोर्ट तिला माझ्याकडे ठेवेल की नाही, हे माझ्या हातांना कुणी विचारलंच नव्हतं.

न्यायाधीश पुढे वाकून काठ बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "समजा, मुलगी काकांकडे गेली. मग या दुमडींचं काय?"

याला हो किंवा नाही असं उत्तर नव्हतं. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझं मनगट सोडलं.

"फ्रॉक तिच्याबरोबर जाईल, साहेब," मी म्हटलं. "कुठला दोरा ओढायचा ते मी काकूंना दाखवून ठेवीन. पोरगी तिकडे गेली म्हणून तिचं वाढणं थोडंच थांबणार आहे?" एवढं बोलले आणि रडू फुटलं. भर कोर्टात, पदर तोंडावर धरून मी रडले. लाज वाटली, पण आवरलं नाही.

साहेबांनी भिंगरीला आपल्या खोलीत नेऊन तिच्याशी निवांत गप्पा मारल्या. मग काका-काकूंना बोलावलं, मग मला. दुपारी निकाल सांगितला. भिंगरी माझ्याकडेच राहील. रविवारी आणि सुट्टीत काका-काकूंकडे जाईल. मोडलेलं नातं कोर्टाला जोडता येत नाही, पण हे अजून मोडलेलं दिसत नाही, असंही ते म्हणाले. वकीलबाईंनी मला मिठी मारली आणि वर पुन्हा फ्रॉकवरून दोन शब्द सुनावले.

जिन्यात काकू थांबली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता ही तोंडसुख घेणार. मीही कंबर कसली.

"तो दोरा कुठला," तिने खाली बघत विचारलं, "ते मला दाखवाल?"

मी तिथेच पायरीवर बसले, भिंगरीला पुढे ओढलं आणि दाखवला.

पुढच्या वर्षी पहिली दुमड काकूने उसवली, आमच्याच घरी. भिंगरी टेबलावर उभी राहून हुकूम सोडत होती. काकूने माझ्या मशीनवर काठाला नवी टीप घातली, ती सापासारखी वाकडीतिकडी आली. माझा हात शिवशिवत होता. पण मी ती उसवली नाही, भिंगरीला तशीच शाळेत पाठवली, आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं. ही टीप तिच्या काकूची आहे.