लिलाअक्काचा रबरी हात

आमच्याकडे हळदीचा पहिला पंजा भिंतीवर उमटतो तो नात्यातल्या थोरल्या बाईचा. त्याशिवाय नवरीला हळद लागत नाही म्हणजे नाही. आणि आमची थोरली, माझी बहीण लिलाअक्का, धुळ्यात फुगून बसलेली! कारण काय, तर माझ्या हर्षालीच्या लग्नाचा बस्ता फाडायला चाळीसगावला गेलो, तेव्हा तिला नेलं नाही. अहो, विसरले मी! माणूस विसरतं!

आई गेल्यावर अक्कानेच मला वाढवलं. तिच्याशिवाय लेकीला हळद लावायची, हे मला सोसवेना. फोन केले, उचलेना. सुंभ जळेल पण हिचा पीळ जायचा नाही. मग माझंही डोकं फिरलं. जळगावात माझं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे, ते काय नुसते ग्रामपंचायतीचे शिक्के करायला? तू येत नाहीस ना, मग तुझा हात येईल!

भाच्याच्या लग्नातल्या फोटोवरून तिचा पंजा रबरात कोरला, वाकड्या करंगळीसकट. कागदावर मारून पाहिला, तर मेला हातमोजा दिसत होता. मग रबराच्या मागे स्पंज लावला, तळव्याची खळगी कोरून काढली. हळद ब्रशने न फासता बोळ्याने टिपली आणि वर चुरगाळलेली प्लास्टिकची पिशवी दाबली, तेव्हा कुठे सुरकुत्या उठल्या. असा जिवंत हात उमटला की मीच डोक्यावर पदर घेतला.

हळदीच्या सकाळी तो भिंतीवर मारला मात्र, माझी जाऊ बेबाबाई ओरडली, "अक्का आल्या!" माझे दीर ज्ञानेश्वरनाना यांनी रबरी हाताला खुर्ची दिली. कोणी चहा आणून ठेवला. बाया पाया पडायला आल्या, तेव्हा पाय नाहीत म्हणून जरा अडचण झाली. मग हात उचलून हर्षालीच्या डोक्यावर ठेवला, तर सगळ्यांनी डोळे पुसले.

कोणीतरी भिंतीचा फोटो धुळ्याला पाठवला. नवरीची हळद दळून होते न होते तोवर, दोन तासांत अक्का पाय आपटत दारात!

"मना हात आठे कसा उना, मना बिगर?"

तिच्याशिवाय तिचा हात इथे कसा आला, याच्या उत्तराची वाट न बघता तिने हळदीत हात बुचकळला आणि थाडकन भिंतीवर मारला. रागाच्या भरात हात घसरला. पंजा फरफटला, करंगळी तर उठलीच नाही.

बेबाबाईने चष्मा लावून दोन्ही ठसे ताडून पाहिले. "तोंडावळा अक्कांचाच आहे. पण हात जुळत नाही हो."

"अक्का तर सकाळपासून बसल्यात," नाना खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले. "तुम्ही नवरदेवाकडच्या का?"

अक्काने खुर्चीकडे पाहिलं. निवलेल्या चहाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, माझ्याकडे वळून म्हणाली, "कोकिळे, मी जित्ती शे ना वं!"

मी पुढे झाले. तिचे पाय धरायला वाकले, तोच पाठीत असा धपाटा बसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. लहानपणी शाळा बुडवल्यावर बसायचा, अगदी तोच! मी भोकाड पसरलं. अक्काही रडली.

बेबाबाई माझ्या पाठीवर वाकली. मोतिया रंगाच्या नव्याकोऱ्या साडीवर पिवळी पाच बोटं, करंगळी वाकडी. "हां, ह्या खऱ्या," ती म्हणाली आणि तिने रबरी हाताला खुर्चीवरून उठवलं.

हर्षालीला हळद लागली. लग्नातही मी तीच साडी नेसले. फोटोवाला सारखा म्हणत होता, मावशी, समोर बघा. म्हटलं, गप रे, पाठीचा काढ.